राजा आडवा करू नगंस

आत्या,

काल माझ्या क्लासात एक मुलगी जिंकली आणि रडायला लागली. बारामतीच्या घराच्या पुढच्या खोलीत मी आता मुलांना बुद्धिबळ शिकवते. हे सगळं तुमच्या माघारी सुरू झालं, तुम्हाला ठाऊक नाही. ही मुलगी क्लासात सगळ्यात नवी, आल्यापासून नुसती हरत होती. काल पहिल्यांदाच तिचा डाव असा जमून आला की मात अगदी तोंडाशी होती. तेवढ्यात समोरच्या मुलीनं राजा आडवा केला, हात पुढे केला, "सोडला" म्हणाली आणि पाणी प्यायला उठून गेली. तिचं काहीच चुकलं नव्हतं, मीच शिकवलंय तसं. पण ही पटाकडे बघत बसून राहिली आणि तिचे ओठ थरथरायला लागले. मी विचारलं, "काय झालं गं? जिंकलीस ना?" तर म्हणाली, "मॅडम, मला मात करायची होती." मी आधी हसले, मग पटाकडे नीट बघितलं. त्या दुसरीला मी हाक मारून परत बसवलं. म्हटलं, "मांड होता तसा. हिला मात करू दे." आणि तिनं मात केल्यावर सगळ्या क्लासाला टाळ्या वाजवायला लावल्या. तेव्हापासून तुम्ही डोक्यात बोलताय. रात्री जेवताना ह्यांना म्हटलं, आत्यांचा डाव आठवला. ह्यांनी लगेच ताट बाजूला सारून हातानं घोड्याची उडी करून दाखवली! तुमचा लेक अजून तसाच आहे. आज दुपारी घरात कोणी नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

लग्न होऊन मी वालचंदनगरला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आले तेव्हा तुम्ही गावी, कळसला, थोरल्या भावजींकडे होतात. बारामतीत शाळेत शिकलेली, तालुक्याला बुद्धिबळ खेळलेली सून धाकट्यानं आणली, याचं तुम्हाला कौतुक होतं की धास्ती, ते मला बरेच दिवस कळलं नाही. सासूला काय म्हणायचं म्हणून मी घुटमळत होते, तर तुम्हीच म्हणालात, "आत्या म्हण. बाकी काय नगं." मग मला दिवस गेले, बाळ झालं, आणि तुम्ही एक ट्रंक आणि बाजरीच्या पिठाचा डबा घेऊन एस्टीनं आलात ते बाळाच्या निमित्तानं राहिलात. दुपारी ह्यांची ड्यूटी कारखान्यात, बाळ पाळण्यात, कॉलनी सगळी झोपलेली. मी स्वयंपाकघराच्या फरशीवर पट मांडून एकटीच दोन्ही बाजूंनी खेळत बसायची. तुम्ही भिंतीला टेकून लसूण सोलताय. एके दिवशी विचारलंत, "कुणासंगं भांडतीस गं रोज?"

मी म्हटलं, "कुणाशी नाही. माझी मीच."

"मग जिततंय कोण?"

आणि तुम्ही लसणाची पाटी बाजूला ठेवलीत आणि पटाजवळ सरकलात. "ह्यो कोण? ह्यो?" हत्ती सरळ जातो, उंट तिरपा जातो, हे तुम्हाला पटलं नाही, उंटानं तिरपं का जावं, असं तुमचं म्हणणं. पण घोडा सांगितला, अडीच घरं जातो, मध्ये कोणीही असलं तरी वरून उडी मारून जातो, आणि तुमचा चेहरा उजळला. लहानपणी तुमच्या माहेरी मेंढरं होती. बिऱ्हाड घोड्यावर लादून तुम्ही सगळे दिवाळीनंतर कोकणाकडं जायचात, आणि एक तांबडा घोडा होता, तो कुणाचं कुंपण म्हणून मानायचा नाही. ते सगळं तुम्ही मला त्या दुपारी सांगितलंत, हातात लाकडी घोडा धरून. मला आजही तो हात दिसतो, लसणाचा वास येणारा. त्या दिवसापासून तुम्ही घोडा काही सोडला नाहीत. वजीर गेला तरी चालेल, घोडा जाता कामा नये, असा तुमचा खेळ.

आणि तुम्ही हरायचात. रोज हरायचात. त्याचं काही वाटायचं नाही तुम्हाला. भांडण व्हायचं ते वेगळ्याच गोष्टीवरून. मला बारामतीत ज्या सरांनी शिकवलं ते शिस्तीचे. हरलेला डाव ओढत बसणं म्हणजे समोरच्याचा अपमान, त्याला मात करता येत नाही असं म्हटल्यासारखं आहे, असं ते सांगायचे. डाव गेला हे कळलं की राजा आडवा करायचा, हसून हात द्यायचा आणि उठायचं. एकदा शाळेच्या स्पर्धेत मी वजीर गमावून अर्धा तास चिवटपणे बसले, तर सरांनी सगळ्यांसमोर झापलं होतं. ते मला इतकं लागलं की तेव्हापासून डाव वेळेवर सोडण्याचा मला अभिमानच होता. तेच मी तुम्हाला शिकवायला गेले. तुमचे दोन्ही हत्ती गेले, वजीर गेला, मी म्हटलं, "आत्या, हा डाव गेला तुमचा. नवा मांडूया."

"कुठं गेला? हितंच हाय की."

"तसं नाही. आता काही होण्यासारखं नाही. अशा वेळी सोडायचा असतो."

"राजा मेला का माजा?"

"अजून नाही, पण मरणारच आहे ना."

तुम्ही कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे बघितलंत. "मरंल तवा मरंल. तू आदीच सुतक धरून बसतीस व्हय?"

मी हसून हसून लोळले. बाळ जागं झालं. पण मी आपला हेका सोडला नाही आणि तुम्ही तुमचा. रोज दुपारी तुमचा उघडाबोडका राजा पटभर पळायचा, मी मागे मागे, आणि मात झाली की तुम्ही खाली वाकून नीट बघायचात. कुठून शह आला, कुठली वाट कशानं बंद झाली. "हां. आसा घावला व्हय," म्हणायचात आणि समाधानानं उठायचात, जणू जेवण झालं.

त्या वर्षी कॉलनीच्या गणपतीत महिलांच्या स्पर्धांत बुद्धिबळ पहिल्यांदाच ठेवलं. रांगोळी, संगीत खुर्ची, पाककृती आणि त्याच्या खाली हे. मी नाव दिलं. तुम्ही विचारलंत, "म्हाताऱ्यांस्नी घेत्यात का?" मला वाटलं चेष्टा, पण तुम्ही इरकल नेसून माझ्याबरोबर मंडपात आलात आणि मंडळाच्या सेक्रेटरी बाईंना म्हणालात, "माजं बी लिवा." सेक्रेटरी बाई म्हणजे मोठ्या बंगल्यात राहणाऱ्या, चष्मा साखळीला लावणाऱ्या, नियमाच्या पक्क्या. पण स्वभावानं वाईट नव्हत्या. त्यांनी लिहिलं.

पहिल्याच फेरीत तुमच्याविषयी तक्रार गेली. समोरच्या बाईंनी तुमचा वजीर मारला, दोन्ही उंट मारले, आणि त्यांना घरी जायची घाई, कुकर लावून आलेल्या. "आजी, सोडा की आता," म्हणाल्या. तुम्ही म्हणालात, "जावा की तुमी. कुकर उतरून या. मी हितंच हाय." त्या चिडून भराभर चाली करायला लागल्या आणि त्या भरात तुमच्या घोड्यानं त्यांचा राजा आणि वजीर एकदम धरले. मग बाजूच पालटली. त्यांनी सेक्रेटरी बाईंना सांगितलं, असं खेळणं बरोबर नाही, खिलाडूपणा नाही. सेक्रेटरी बाई म्हणाल्या, "रीत आहे खरी, पण नियम नाही." माझी मान खाली गेली होती, आत्या. आणि तुम्ही परत येताना रस्त्यात मला विचारलंत, "रीत आन नियम यात फरक काय गं?" मी म्हटलं, "नियम मोडला तर बाद करतात. रीत मोडली तर नावं ठेवतात." तुम्ही म्हणालात, "मग ठिवू देत."

अशा एकेक फेऱ्या काढत, कधी समोरची कंटाळली म्हणून, कधी आलीच नाही म्हणून, आणि एकदा खरंच छान खेळून तुम्ही शेवटपर्यंत आलात. मीही आले. फायनल सासू आणि सुनेची! कॉलनीत दुसरा विषय नव्हता. भाजीवाली दारात थांबून विचारायची, "कोण जिततंय मग?" आदल्या संध्याकाळी तुम्ही चुलीपुढं, म्हणजे गॅसपुढं, भाकरी थापता थापता मला बजावलंत, "हे बग. पटावर मी तुजी सासू न्हाय आन तू माजी सून न्हाय. दया केलीस तर कळसला निघून जाईन." मी शब्द दिला. आणि खरं सांगते, दया करायचं माझ्या मनातही नव्हतं. मला तो मोठा लाल थर्मास पाहिजे होता, जो बक्षिसाच्या टेबलावर गणपतीशेजारी ठेवला होता.

संध्याकाळ होती, आरतीच्या आधीची. मंडपात सतरंजीवर पट, भोवती बायका, त्यांच्या मागे कारखान्यातून सुटून आलेले पुरुष, त्यांच्यात हे बाळाला खांद्यावर घेऊन. मी चांगली खेळत होते. एका प्याद्यानं पुढे होते. मग तुमचं आणखी एक प्यादं उघडं दिसलं आणि मी माझा वजीर लांब नेऊन ते उचललं. हात सोडला, आणि त्याच क्षणी मला चूक दिसली. माझा राजा आपल्याच तीन प्याद्यांच्या मागे बसलेला, शेवटची ओळ राखायला आता वजीर नाही, आणि तुमचा हत्ती मोकळ्या रस्त्यावर समोर उभा. हत्ती सरळ वर आणला की मात. लहान पोरालाही दिसावी अशी मात. तुमची चाल होती. तुम्ही हनुवटीला बोट लावून विचार करत होतात. मला सरांचा आवाज ऐकू आला, खरंच ऐकू आला. मी राजा आडवा केला, हात पुढे केला आणि हसून म्हटलं, "सोडला, आत्या. जिंकलात."

मग टाळ्या, हशा, आणि त्यातून कुणाचा तरी आवाज, अगदी स्पष्ट: "सुनेनं दिला बरं का सासूला! शहाणी आहे पोरगी." दुसरी म्हणाली, "घरात राहायचंय ना बाई." आणि सगळ्या पुन्हा हसल्या, प्रेमानंच हसल्या. तुम्ही माझा हात हातात घेतलाच नाहीत. आडव्या पडलेल्या राजाकडे बघत होतात. मग वर बघितलंत आणि तुमच्या डोळ्यांत मी कधी न पाहिलेला राग होता.

"का निजीवलास त्याला?"

"आत्या, मात होती. पुढच्या चालीत."

"कुणी केली? मी केली का? मी हात बी लावला न्हाय अजून." तुमचा आवाज चढला. "मी तुला काय सांगितलं व्हतं? दया करू नगं मंजे नगं!"

"दया नाही हो केली! खरंच हरले मी!"

"मग त्यांस्नी कसं दिसावं त्ये? आं? पटावर हाय का कुठं मात? दाव मला."

आणि आत्या, पटावर नव्हती. माझ्या डोक्यात होती, पटावर नव्हती. इतकी वर्षं मी राजा आडवा करत आले आणि समोरच्याकडून काय काढून घेते हे मला त्या मंडपात पहिल्यांदा कळलं. सेक्रेटरी बाई थर्मास घेऊन पुढे आल्या, तर तुम्ही हात मागे बांधलेत. "आदी डाव पुरा हुंद्या. मांड गं त्याला हुबा." सेक्रेटरी बाई गोंधळल्या. निकाल लागला, नियमानं तुम्हीच विजेत्या, आता पुढं खेळलात तरी निकाल बदलणार नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ द्या तुमचा निकाल. मला डाव पायजे." मी राजा उभा केला. बाकी काही हललं नव्हतं. आरती लांबली. पुजाऱ्यांनी निरांजनाचं तबक खाली ठेवलं आणि तेही येऊन बसले.

आता तुमची चाल. हत्ती तिथंच उभा, रस्ता मोकळा. मी हत्तीकडे बघतेय. तुमचा हात पुढे येतो, हत्तीवरून जातो, आणि घोडा उचलतो! घोडा माझ्या वजिराच्या अंगावर! मला ओरडावंसं वाटलं. तुम्हाला ती मात दिसलीच नव्हती! मी जी मात बघून डाव सोडला ती तुमच्या गावीही नव्हती. आता माझ्यापुढे प्रश्न उभा. वजीर मागे आणून शेवटची ओळ राखली की वजीरही वाचतो आणि राजाही. राखू की नको? मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही माझ्या हाताकडे टक लावून बघत होतात, खाटकानं बोकडाकडे बघावं तसं. शब्द दिला होता. मी वजीर मागे आणला, ओळ राखली. तुमच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "हां. आता कसं!" म्हणालात.

मग आपण खेळलो. तसा डाव मी त्याआधी खेळले नव्हते, नंतरही नाही. मी जीव तोडून खेळत होते आणि मला वेळेचं, बाळाचं, थर्मासाचं भान नव्हतं. तुमचा एक उंट गेला. मग एका शहात तुमचा वजीर गेला. बायका हळहळल्या. सेक्रेटरी बाई हळूच म्हणाल्या, "आजी, सुनेकडे वजीर आहे, तुमच्याकडे नाही. आता सोडायची रीत असते हो." तुम्ही पटावरून नजर न उचलता म्हणालात, "हिनं सोडला म्हणून तर ह्यो समदा घोळ झाला. आता मी न्हाय सोडायची." पुरुषांच्या घोळक्यातून हसू फुटलं आणि कुणीतरी "वा आजी!" म्हणालं.

तुमच्याकडे उरला एक हत्ती, एक घोडा आणि थोडी प्यादी. हत्ती आणून तुम्ही माझ्या राजासमोर उभा केलात. मी सावध म्हणून राजा कोपऱ्यात सरकवला आणि त्याच्याशेजारी माझा हत्ती आणून ठेवला, राखणीला. आता कोण काय करणार? वजीर मी पार पटाच्या दुसऱ्या टोकाला पाठवला. पुढच्या चालीत माझी मात होती, नक्की होती. मी हात मांडीवर ठेवून बसले.

तुम्ही पटावर आणखी वाकलात. मग तुम्ही घोडा उचललात, अडीच घरं पुढे नेलात, माझं एक प्यादं मारलंत आणि घोडा ठेवलात. "शह," म्हणालात.

मी बघितलं. राजा कोपऱ्यात. शेजारी माझाच हत्ती. पुढे माझीच दोन प्यादी. घोड्याला मारायला जवळ कोणी नाही, मध्ये कोणाला उभं करावं तर घोडा उडी मारून येतो. मी पुन्हा बघितलं.

"कुठं जातीस?" तुम्ही विचारलंत. खरंच विचारत होतात, तुम्हालाही अजून खात्री नव्हती.

"कुठंच नाही, आत्या."

"मंजे?"

"मात. मात आहे! घोड्याची मात!"

माझा हात सवयीनं राजाकडे गेला, तर तुम्ही मनगट धरलंत. "राजा आडवा करू नगंस. ऱ्हाऊ दे तसाच. बघू दे समद्यांस्नी." आणि मग तुम्ही सरकून जागा दिलीत आणि माणसं एकेक येऊन वाकून बघायला लागली. ज्यांना कळत होतं ते न कळणाऱ्यांना बोटानं दाखवत होते, इथून शह, इकडे वाट बंद, तिकडे वाट बंद. सगळ्यात आधी 'सुनेनं दिला' म्हणणारी जी बाई होती, तिलाही तुम्ही हाताला धरून बसवलंत. "बग. हिच्या मनात द्यायचं आसतं तर माजा वजीर घेतला आसता का?" ह्यांनी बाळाला माझ्या मांडीवर टाकलं आणि तुम्हाला दंडाला धरून उभं केलं, आणि आरती सुरू झाली तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवताना मधूनच वळून पटाकडे बघत होतात, कुणी हात तर लावला नाही ना. मीही बघत होते. मी हरले होते, आणि शाळेत ढाल जिंकून आणली तेव्हाही माझी छाती इतकी धडधडली नव्हती.

त्यानंतर तुम्ही काही वर्षं होतात. गुडघे दुखायला लागल्यावर कळसलाच राहिलात, आम्ही आलो की ओट्यावर पट मांडायचात आणि हरायचात. पुन्हा मला कधी हरवलं नाहीत. मीही तुमच्यापुढे पुन्हा कधी राजा आडवा केला नाही, तशी वेळच आली नाही. ह्यांनी नंतर बारामतीच्या एमआयडीसीत नोकरी धरली, आम्ही इकडे आलो, आणि एका उन्हाळ्यात भावजींचा फोन आला.

आज सकाळी मी क्लासात नवी रीत सांगितली. डाव सोडायचा असेल तर आधी समोरच्याला विचारायचं, 'सोडू का?' तो 'नको' म्हणाला तर खेळायचं, पुरतं. मोठ्या स्पर्धांत असं चालत नाही, हेही सांगितलं. माझे सर असते तर रागावले असते. ठेवू देत नावं.

हे कागद मी कुठं पाठवणार नाही. ह्यांनाही दाखवणार नाही, कारण शेवटचं एक लिहायचं आहे ते ह्यांनी वाचायला नको. अधूनमधून दुपारी, कोणी नसताना, मी तो डाव पुन्हा मांडते. सगळ्या चाली पाठ आहेत. तुमचा हत्ती समोर येतो, मी राजा कोपऱ्यात नेते. आता मला घोडा दिसतो, आत्या, चांगला दिसतो. दुसऱ्या एका साध्या चालीनं मी वाचते. तरी दरवेळी हत्ती उचलून राजाशेजारी तिथंच ठेवते, आणि हात मांडीवर घेऊन वाट बघते.